दूध कोणाकडचं?

आर्वी हे वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं नाव आहे, आणि एका म्हशीचंही. सरकारी नोंदीत जिला नागपुरी म्हैस म्हणतात, तिला वेगवेगळ्या भागांत एलिचपुरी, वऱ्हाडी आणि आर्वी अशीही नावं आहेत. तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्यापर्यंत गेलेली शिंगं ही तिची खूण. विदर्भाच्या उन्हाळ्यात तग धरणारी म्हैस म्हणून तिची ख्याती.

गाय म्हणाल तर आमच्याकडची गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा या तीन तालुक्यांचा पट्टा तिचा मूळ मुलूख मानला जातो, आणि इथल्या नंदगवळी समाजानं ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. पांढरी, चपळ, बैल पळायला पक्का. दूध मात्र बेताचं, एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास. बरी संकरित गाय तेवढं दूध दीड-दोन महिन्यांत देऊन मोकळी होते.

अशा गावातून पुण्याला नोकरीला आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “गावाकडच्या दुधाची चव खरंच वेगळी असते का, की तुम्हाला आपलं तसं वाटतं?” प्रश्न गमतीत विचारलेला असतो. पण नीट उत्तर द्यायला गेलं की तो दुधाच्या पातेल्यात मावत नाही. आधी सोपा भाग घेऊ.

हो, चव वेगळी असते. म्हशीच्या दुधात साधारण सहा ते आठ टक्के फॅट असतं, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. हा फरक जिभेवर पहिल्याच घोटात कळतो. गाईच्या दुधाला पिवळसर झाक असते, कारण चाऱ्यातलं बीटा कॅरोटीन तिच्या दुधात उतरतं. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं जीवनसत्त्व ‘अ’मध्ये रूपांतर करते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. शेळीच्या दुधाला जो वास येतो, तो काही ठराविक मेदाम्लांचा असतो. कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही त्यांची नावंच मुळी शेळीच्या लॅटिन नावावरून पडली आहेत.

जनावर तेच असलं तरी ते काय खातं यानं दूध बदलतं. आमचा भाग कापसाचा. सरकीतून तेल काढल्यावर उरते ती ढेप, आणि दुभत्या जनावराला ढेप घालायचीच अशी आमच्याकडे रीत. सरकी आणि ढेप खाणाऱ्या जनावराचं लोणी जास्त घट्ट असतं, त्याचं तूप चटकन थिजतं. हिरवा चारा असेल तर लोणी मऊ आणि पिवळं होतं. माझे वडील सकाळचा चहा पिता पिता सांगतात, “आज ढेप जास्त पडली वाट्टे.” हे त्यांना फक्त चवीवरून कळतं की गोठ्यात आदल्या संध्याकाळी टोपलं कोणी भरलं ते ठाऊक असल्यामुळे कळतं, याबद्दल घरात मतभेद आहेत.

तिसरी गोष्ट, दूध गोठ्यातून निघाल्यावर त्याचं काय होतं. डेअरीत ते 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातलं दूध 135 अंशांच्याही वर नेतात, त्यात प्रथिनं तापून गंधकाची संयुगं सुटतात आणि ‘शिजल्यासारखी’ चव येते. होमोजिनायझेशनमध्ये फॅटचे कण इतके बारीक करतात की ते वर येऊन जमत नाहीत, म्हणून तशा दुधावर साय धरत नाही. गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर दुपारभर ठेवलेलं दूध आणि मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट गरम केलेलं दूध एकाच गाईचं असलं, तरी चवीला एक नसतं.

आणि चौथी गोष्ट म्हणजे, पाकिटातलं दूध मुद्दाम एकसारखं केलेलं असतं. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, असायला हवेत. फुल क्रीममध्ये तेच आकडे 6 आणि 9. टोन्ड दुधाची कल्पना 1940च्या दशकात मुंबईत दारा खुरोडींनी रुजवली. म्हशीच्या सकस दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची आणि तेवढ्याच दुधात जास्त घरांची सोय करायची. शहराला स्वस्त दूध मिळालं. त्याबरोबर दुधाची चव ही कोणा एका जनावराची न राहता एका आकड्याची झाली.

माझ्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळण्याची गरज पडू नये, अशी रचना. नळ उघडला की पाणी यावं, पाकीट फोडलं की दूध यावं. त्यामागे हजार गोठे असोत की एक.

आता अवघड भाग. फरक असतो हे एक, आणि तो *आपल्याला* कळतो हे दुसरं. अन्नउद्योगात फरक कळतो का हे तपासायला तीन पेल्यांची साधी चाचणी वापरतात. दोन पेल्यांत एकच पदार्थ, तिसऱ्यात वेगळा, आणि चाखणाऱ्यानं वेगळा पेला ओळखायचा. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतो, तेव्हा त्याहून बरंच जास्त यश मिळालं तरच फरक कळतो म्हणायचं.

फ्लॅटवर आम्ही पाच जणांनी हे करून पाहिलं. सगळं दूध उकळून, ढवळून, गार केलेलं. पाकिटातलं गाईचं आणि म्हशीचं दूध पाचही जणांनी बिनचूक वेगळं काढलं. मग पाकिटातलं गाईचं दूध आणि काचेच्या बाटलीत येणारं ‘शुद्ध देशी गाईचं’ दूध, दुप्पट किमतीचं. पाचांतल्या दोघांनी ओळखलं, म्हणजे अंदाजानं यायला हवं साधारण तितकंच. शेवटी पेल्यांच्या मागे बाटली आणि पाकीट ठेवून पुन्हा चाखलं, तेव्हा चौघांना बाटलीतलं दूध “जास्त दाट” लागलं. पाच माणसांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण त्या चौघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. त्यांना ते खरोखर दाट लागलं होतं.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘ए-2’ लिहिलेलं होतं. ही भानगड काय आहे? दुधात बीटा केसिन नावाचं प्रथिन असतं, 209 अमिनो आम्लांची साखळी. त्यातल्या 67व्या जागी एका प्रकारात हिस्टिडिन असतं, तो ए-1. दुसऱ्यात प्रोलिन, तो ए-2. आपल्या देशी गाईंमध्ये बहुतेक ए-2 आढळतो. म्हशीच्या दुधातही ए-2च असतो, हे मात्र बाटलीवर लिहीत नाहीत, कारण मग कोपऱ्यावरच्या डेअरीतलं म्हशीचं दूधही तितकंच थोर ठरेल. ऑगस्ट 2024मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ए-1, ए-2 असे दावे वेष्टनावरून काढा असा आदेश काढला, आणि आठवड्याच्या आत तो मागेही घेतला. 209 मण्यांतला एक मणी जिभेला कळेल असं मानायला काही आधार नाही. तो कळतो डोळ्यांना, लेबल वाचून.

इथवर येऊन “बघा, सगळं मनाचं आहे” असं म्हणून हसून सोडून देता येतं. मला तसं करावंसं वाटत नाही, कारण जिभेला न कळणाऱ्या सगळ्याच गोष्टी खोट्या नसतात.

ढेपेचंच घ्या. दमट जागी साठवलेल्या ढेपेला, मक्याला बुरशी लागते. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, जनावराच्या पोटातून रूप बदलून दुधात उतरतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळल्यानं ते जात नाही. 2018 सालच्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात देशभरातून 6,432 नमुने तपासले गेले. भेसळीची एवढी चर्चा आपण करतो, पण आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ते 368 नमुन्यांत. ज्या ढेपेनं दुधाला घरची चव येते, तीच सडकी असेल तर दुधात विष येतं. चव आपल्याला पहिली बातमी देते आणि दुसरीबद्दल गप्प बसते.

दुधामागच्या क्रूरतेचंही तसंच. दूध आणि नैतिकता यांचा विचार करताना वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला गांधींपाशी थांबावंच लागतं. 1912मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं. दुधानं विकार वाढतात हे एक कारण होतं. दुसरं होतं फुका: पान्हा सोडायला लावण्यासाठी गाई-म्हशींच्या योनिमार्गात नळीनं हवा फुंकायची, ही गोठ्यांमधली रीत. तिची वर्णनं वाचून त्यांना दुधाची किळस आली. (1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुका हा स्वतंत्र गुन्हा आहे, यावरून तो किती प्रचलित असेल ते समजावं.) 1918मध्ये ते मरणाच्या दारात पोचले, डॉक्टरांनी दूध घ्याच म्हटलं, आणि कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती ना, मग शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी या निर्णयाचं समर्थन केलेलं नाही. व्रताचा शब्द पाळला गेला आणि आत्मा गेला, अशी ती खंत आहे.

याच माणसाच्या आश्रमात ‘अस्वाद’ हे अकरा व्रतांपैकी एक होतं. अन्न चवीसाठी खायचं नाही. चवीला ज्यानं जेवणातून हद्दपार केलं, त्यानंच दूध कुठून आलं हा प्रश्न इतका ताणून धरला की त्यासाठी जीव पणाला लावला. म्हणजे दूध कुठलं हे विचारायला चव हे कारण लागत नाही. उलट, चवीत काहीच सापडत नसेल तेव्हाच तो प्रश्न नैतिक होतो. फुक्यानं काढलेलं दूध गोडच लागत असणार.

पण कुठलं दूध हे विचारणं आपोआप चांगलं असतं असंही नाही. 1941मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघ उभा केला. गाईचंच दूध-तूप वापरायचं हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामागे गणित होतं. बाजार फॅट बघून भाव देतो, म्हशीच्या दुधात फॅट जास्त, म्हणून गाय शेतकऱ्याला परवडत नाही आणि मागे पडते. तेव्हा शहाण्या गिऱ्हाईकानं मुद्दाम गाईचं दूध मागावं. हा विचार अर्थशास्त्राचा होता. आज बाटलीवरच्या जाहिरातीत त्यातलं अर्थशास्त्र गळून गेलंय आणि उरलंय फक्त गाईचं गोत्र. गाय कुठल्या वंशाची, तिचा गोठा कुठला, तिला संगीत कुठलं ऐकवतात, सगळं कळतं. तिची धार काढणाऱ्याला महिन्याला काय मिळतं, ते कळत नाही.

‘शुद्ध’ हा शब्द मला आणखी एका कारणानं सावध करतो. माझी आजी कोणाकडून दूध आलं की आधी विचारायची, “कोणाकडचं हाये?” लहानपणी मला वाटायचं ती पाणी घातलेलं आहे का ते तपासते. विचारायचा सूर तसाच असायचा. मोठं झाल्यावर कळलं की काही घरांची नावं सांगितली की ते दूध चहाला चालायचं नाही, मग ते कितीही दाट असो. ते वाया जायचं नाही, गड्याच्या चहात जायचं. आजी चवीबद्दल बोलायची, “त्याईच्या दुधाले वास येते.” पेले झाकून तिला तीन पेल्यांची चाचणी द्यायची सोय तेव्हा नव्हती. निकाल काय लागला असता ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या फ्लॅटवरच्या चौघांना लेबल बघून दूध दाट लागलं, तिला आडनाव ऐकून वास आला. दोन्ही वेळा जीभ प्रामाणिक होती.

हे फक्त आमच्या घरात नव्हतं. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आणि इतरांनी मिळून केलेला ग्रामीण अस्पृश्यतेचा अभ्यास 2006मध्ये पुस्तकरूपानं आला. 11 राज्यांतली 565 गावं त्यांनी पाहिली. जिथे दूध सोसायटी होती, अशा जवळपास निम्म्या गावांत दलितांना सोसायटीत दूध घालू दिलं जात नव्हतं. सुमारे चौथा हिस्सा गावांत त्यांना ते विकतही मिळत नव्हतं. म्हणजे त्या निम्म्या गावांमधून जे दूध टँकरमध्ये गेलं, ते कोणाला वगळून गेलं हे शहरात पाकीट फोडणाऱ्याला चवीवरून कधीच कळलं नाही.

म्हणून पाकिटातल्या एकसारख्या, बेचव म्हणून हिणवलेल्या दुधाबद्दल मी थोडा मवाळ आहे. संकलन केंद्रावर दूध कॅनमध्ये ओतलं, कॅन मोठ्या टाकीत गेला, टाकी टँकरमध्ये, की त्या क्षणी “कोणाकडचं?” हा प्रश्न विचारता येईनासा होतो. नंदगवळ्याचं, कुणब्याचं, बौद्धाचं, एका म्हशीवर संसार चालवणाऱ्या विधवेचं दूध एकमेकांत मिसळतं आणि मग ते कोणालाच वेगळं काढता येत नाही. जी मिसळ आपण चवीचं नुकसान म्हणून मोजतो, तिच्यात ही एक कमाई आहे. माझ्या आजीच्या पिढीला जे शिकवून जमलं नाही, ते टाकीनं न शिकवता करून टाकलं. अर्थात, केंद्राच्या दारातून सगळ्यांना आत येऊ दिलं तरच.

आणि इथेच मिसळण्याची दुसरी बाजू येते. ओळख पुसली की अन्यायही पुसला जातो. टँकरला जात कळत नाही, तसंच टँकरमधून आलेल्या दुधात हेही दिसत नाही की कोणाला लिटरमागे काय मिळालं, ढेपेचा पोत्याचा भाव काय होता, घरच्या बाईनं पहाटे उठून काढलेल्या धारेची मजुरी कोणी धरली का. 2024च्या सुरुवातीला गाईच्या दुधाचा भाव इतका खाली आला होता की राज्य सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. ते दूध पिणाऱ्या आम्हा शहरातल्या लोकांना चहात काही फरक जाणवला नाही. जाणवण्यासारखा तो नव्हताच. ॲब्स्ट्रॅक्शन चांगलं चाललं होतं.

मग विचारावं की विचारू नये? मला वाटतं, “कोणाकडचं दूध?” हा दिसायला एक प्रश्न असला तरी त्यात दोन आहेत. एक शुद्धतेचा. त्यात मी विचारतो की हे माझ्यापर्यंत येण्याआधी कोणाला शिवलं, आणि उत्तर ऐकून मी स्वतःला वाचवतो. आजीचा प्रश्न हा होता, आणि बाटलीवरचा ए-2 हाही बराचसा तोच आहे. दुसरा प्रश्न न्यायाचा. त्यात मी विचारतो की हे माझ्यापर्यंत येताना कोणाला काय सोसावं लागलं, आणि उत्तर ऐकून माझ्यावरच काहीतरी जबाबदारी येते. गांधींचा प्रश्न, निदान फुक्याबद्दलचा, हा होता. तो दूध सोडायला लावणारा प्रश्न होता, दूध मिरवायला लावणारा नव्हता.

दोन्ही प्रश्नांचे शब्द सारखे असल्यामुळे फसगत होते. ओळखायची एक खूण मी धरली आहे: उत्तर मिळाल्यावर माझ्या मनात कोणाबद्दल किळस निर्माण होते की माझ्याकडून कोणाचं तरी देणं निघतं? किळस निर्माण होत असेल, तर प्रश्न तिथेच सोडून द्यावा आणि मिसळलेलं दूध आनंदानं प्यावं.

चवीचं काय मग? चव असू द्यावी. वडिलांना ढेपेची चव कळते तर कळू द्यावी, गवळाऊच्या दुधाचा चहा मला आवडतो तर मी तो आवडीनं प्यावा. जनावर, चारा, विस्तव आणि सवय यांनी मिळून केलेली ती गोष्ट आहे आणि तिच्यात आनंद आहे. फक्त तिला साक्षीदार म्हणून उभं करू नये. कोण स्वच्छ, कोण खरं, कोणावर अन्याय झाला, यातलं काहीही तिनं पाहिलेलं नसतं.

संकलन केंद्रावर दूध घातलं की मशीनमधून एक चिठ्ठी निघते. तिच्यावर खातेदाराचा क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असतो. जात नसते, गाईचं गोत्र नसतं. आमच्या घरी अशा चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या असतात आणि दहा दिवसांनी त्यांचा हिशोब होतो. पुण्यात माझ्या हातात येणाऱ्या पाकिटावर फॅट छापलेलं असतं, एसएनएफ छापलेलं असतं, मला पडणारी किंमत छापलेली असते. त्या चिठ्ठीवरची एकच ओळ तेवढी वाटेत गळते, शेतकऱ्याला मिळालेल्या दराची. ती छापायला पाकिटावर जागा आहे.